ओतूरची पावणं

आमच्या संग्रहालयातल्या पहिल्यावहिल्या ब्रेल फलकावरून बोट फिरवून तो माणूस हसला, आणि माझं डोकंच फिरलं.

का नाही फिरणार? तीन आठवडे मी त्या फलकांच्या मागे होते. जुन्नरचं आमचं संग्रहालय ते केवढं! चार दालनं, एक पहारेकरी राघूकाका, आणि मी. मी म्हणजे मदतनीस, चित्रकार, झाडूवाली, सगळंच. ज्यांना दिसत नाही त्यांच्याही हाताला इथं काही लागावं म्हणून वर्षभर मी अध्यक्ष सावळेराम सरांच्या मागे टुमणं लावलं होतं. शेवटी वैतागून ते "कर बाई काय करायचं ते" म्हणाले. आणि आता हा कोण कुठला, पांढरी काठी बगलेत धरून माझ्याच फलकासमोर हसत होता.

"काय झालं हसायला?"

"काही नाही. छान आहे. गुळगुळीत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे… फ्लेक्स आहे ना हा, बाई? वासावरून कळलं. ठिपके नुसते छापलेत, हाताला लागत नाहीत." तो अजून हसतच होता. "कुणाच्या वाढदिवसाचा आहे?"

मी बोट लावून पाहिलं. सपाट. अगं आई गं… नारायणगावच्या फ्लेक्सवाल्यानं माझ्या कागदावरचा ठिपका न् ठिपका इमानेइतबारे उतरवला होता. वर हौसेनं चारी कोपऱ्यांत द्राक्षांचे घड काढले होते. आणि डोळे धड असलेली मी शहाणी, ते भिंतीवर ठोकून आठवडाभर मिरवत होते!

"तुमचं काय काम होतं इथं?" मी फणकारले. माझं असंच आहे. चूक माझी असली की राग दुसऱ्यावर निघतो.

"मढची गाडी चुकली. पुढची दीड तासानं आहे. स्टँडवर बसून कंटाळा आला."

"मग दीड तास आहे ना? सांगा, अजून काय काय चुकलंय आमचं."

"दीड तासात नाही व्हायचं," तो म्हणाला. आणि खरंच नाही झालं. त्या दिवशी त्यानं पुढचीही गाडी चुकवली.

त्याचं नाव आदेश. घर मढला. आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता थोडी शेती. आठव्या वर्षी तापात नजर गेली. मग पुण्यात शिकला, इतिहासात एम. ए. केलं, आणि तिथंच अंधांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या एका संस्थेत लागला. मंगळवारी त्याची सुट्टी असायची. मी सावळेराम सरांना गळ घातली, आणि श्रावण सरता सरता तो दर मंगळवारी आमच्याकडे सल्लागार म्हणून यायला लागला. एसटीतून उतरायचा तेव्हा बाहेर भुरभुर चालू असायची. आत आला की पहिल्यांदा काठी झटकायचा, मग केस झटकायचा, आणि माझ्या वहीवर थेंब उडायचे.

"अहो, वही!"

"तुम्ही आहात इथं? मग बोला ना. मुकाट उभ्या राहता आणि वर ओरडता."

तोच त्याचा पहिला नियम होता. दालनात आलं की बोलायचं, जाताना सांगून जायचं. दुसरा नियम म्हणजे, इथली वस्तू जागची हलवायची नाही. साधं स्टूलसुद्धा नाही. राघूकाकांनाही त्यानं हे पढवून ठेवलं होतं. ते बिचारे दारातूनच खाकरून "मी राघू आलो हो" म्हणायचे. दालनाच्या दारावर मी पाटीच लावली: आत येताना आपलं नाव सांगा. आता मागं वळून पाहताना त्या पाटीची लाज वाटते.

मी मूर्तिकाम शिकलेली. हाताला लागतील अशा प्रतिकृती करायचं काम माझं, आणि त्यांत चुका काढायचं त्याचं. शिवनेरीचा किल्ला मी प्लास्टरमध्ये केला. महिना घातला त्यात. बारीक बारीक झाडं लावली. त्यानं दोन्ही हात किल्ल्यावर ठेवले, आणि मी श्वास रोखून उभी.

"झाडं काढा."

"का? किती गोड दिसतायत!"

"दिसत असतील. मला टोचतायत. बोटांना आधी दरवाजे सापडले पाहिजेत, सातही. तुमच्या जंगलात माझे चार दरवाजे हरवले."

मी दात-ओठ खात झाडं उपटली. खरं सांगते, उपटल्यावर किल्ला पहिल्यांदा किल्ल्यासारखा वाटला.

मग नाणेघाटातला जकातीचा रांजण. मी वीतभर उंचीचा केला होता. तो म्हणाला, "हा रांजण आहे की पाणपोईचं फुलपात्र? माणसाचा हात खांद्यापर्यंत आत गेला पाहिजे. तेव्हा कळेल जकात म्हणजे काय ते." मी सिमेंटचा, खऱ्या मापाचा केला. पुढच्या मंगळवारी त्यानं हात आत घातला… आणि तळाशी काहीतरी गोल लागलं. बाहेर काढून त्यानं वास घेतला.

"सातवाहनांच्या काळात पेरू नव्हता, बाई."

"नव्हता? बरं झालं सांगितलंत. खाऊन टाका, पुरावा नको."

त्यानं पेरू मधोमध फोडला आणि अर्धा पुढे केला. मी घेतला. त्याची बोटं लागली… बस, एवढंच. पण त्या रात्री जेवताना आईनं तीनदा विचारलं, भाकरी देऊ का, आणि मला एकदाही ऐकू आलं नाही.

'बाई'चं 'वृषाली' कधी झालं ते आठवतं. तालुक्याचा उठावाचा, हाताला डोंगर-घाट लागतील असा नकाशा चालला होता. तो म्हणाला, डोळे मिट वृषाली, तुला कळू दे कसं असतं ते. मी डोळे मिटले. त्यानं माझं बोट जुन्नरवर ठेवलं आणि हळूहळू वर न्यायला लागला.

"ही चढण लागली… आता जरा सपाटी… आणि हे मढ. इथं आमच्या आजोबांची मेंढरं बसायची. याच्या पुढं माळशेज."

"मढ काही एवढं लांब नाहीये. किती वेळ लावतोस?"

"वाट अवघड आहे. सावकाश जावं लागतं," तो म्हणाला. बोट मढला पोचून बराच वेळ झाला होता. त्यानं हात सोडला नव्हता, आणि मी कुठं सोडवून घेत होते?

दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी तो एकदम म्हणाला, "माझ्या मनात तू आहेस, वृषाली. लग्नाचं विचारतोय. तुझ्या मनात काय आहे?"

मी एवढी तोंडाळ बाई… पण जीभ टाळ्यालाच चिकटली. मी नुसती मान हलवली. परत हलवली.

"हे बघ, मान हलवत असशील तर मला कळत नाही. बोलावं लागेल."

"हो!" मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की राघूकाका धावत आले, काय पडलं म्हणून.

आदेशला रजा काढून लगेच रविवारी आमच्या घरी यायचं होतं. "समोर बसतो, नाव-गाव सांगतो, विचारू देत काय विचारायचं ते. हाकलून दिलं तर परत येईन." मीच त्याला थांबवलं. म्हटलं, आधी मी बोलते.

घरी काही सोपं नव्हतं. नारायणगावजवळ आमची द्राक्षबाग. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावात भरतशेट म्हणून ओळखले जातात. मंचरच्या एका बागायतदाराचं स्थळ त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि तुळशीची लग्नं झाली की सुपारी फोडायची असं ठरत आलं होतं. मी आदेशचं सांगितलं. मेंढरंवाल्यांचा म्हटल्यावर अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. दिसत नाही म्हटल्यावर हातातला घास ताटात ठेवला.

"आंधळा?"

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आई डोळे पुसत भाकऱ्या थापत राहिली. तिसऱ्या दिवशी साळुआत्या आली. अण्णांची थोरली बहीण, आमच्या घरची न्यायाधीश. तिनं सगळं ऐकलं, तंबाखूची चिमूट दाढेला धरली, आणि निकाल दिला.

"भरत, आदी बगून तर घे पोरगं. सांगून-सवरून न्हाई, गुपचूप. पाव्हनं म्हनून जाऊ तिच्या त्या म्युझियमात. त्याला कुटं कळतंय कोन आलं न् कोन गेलं?"

इथं मी उठून 'नाही' म्हणायला हवं होतं. पण मला उलट हर्षच झाला. आदेश काम करताना कसा दिसतो ते मला माहीत होतं. एकदा का अण्णांनी त्याला किल्ल्यावर हात ठेवून बोलताना पाहिलं, की ते विरघळणार, याची मला खात्री होती. आणि आदेशला आधी सांगितलं असतं तर तो इस्त्रीचा शर्ट घालून काठीसारखा ताठ बसला असता. तासाभराचा तर प्रश्न, मी स्वतःला समजावलं. नंतर सांगू, हसू, आणि मोकळे होऊ.

मंगळवारी अकराला तिघं आली. मी दारातूनच म्हणाले, "आदेश, पावणं आलीत. ओतूरची. नवीन दालन बघायचंय म्हणतात."

"या या! नावं सांगा की आपली."

अण्णा गडबडले. आत्या नाही गडबडली. तिनं ठोकून दिलं, "मी तुकाबाई. हा माजा भाऊ, ही भावजय."

"या तुकाबाई. चपला बाहेर नका काढू, फरशी गार आहे."

आणि तो सुरू झाला. काय बोलला त्या दिवशी! अण्णांचा हात हातात घेऊन त्यानं किल्ल्यावर ठेवला आणि पायथ्यापासून एकेक दरवाजा चढवत वर नेला. अण्णा लहानपणापासून शिवजयंतीला गडावर जाणारे. ते पुटपुटले, "आयला… ह्यो असा वळसा हाय व्हय? इतकी वर्सं चढतोय, ध्यानात न्हाई आलं." आदेशचा चेहरा असा खुलला! माझा तर आनंद गगनात मावेना.

पण त्याच्या डोक्यावरून दुसराच खेळ चालला होता. आत्यानं आधी त्याचे बूट न्याहाळले. मग शर्टाची बटणं नीट लागलीत का ते पाहिलं, आणि आईला खुणेनं सांगितलं, बरोबर हायत. अण्णांनी भुवया उडवून मला विचारलं, पगार? मी बोटांनी आकडा सांगितला. मग आत्या अगदी त्याच्या पुढ्यात गेली आणि त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला. एकदा, दोनदा, पंखा घातल्यासारखा. तो रांजणाबद्दल सांगत होता, सांगतच राहिला. आत्यानं माझ्याकडे पाहून नुसते ओठ हलवले, काहीच दिसत न्हाई की गं याला. आणि मी… मी हसले. म्हणजे ओशाळून हसले, पण हसले.

एवढ्यावर भागलं असतं. पण आत्याला आणखी एक परीक्षा घ्यायची होती. आदेश आमच्या दालनात काठीशिवाय हिंडायचा. जागा न् जागा त्याच्या पायांना पाठ होती. "आता नकाशाकडे चला," म्हणून तो वळला, आणि तेवढ्यात आत्यानं खिडकीपाशी असलेलं स्टूल अलगद उचलून त्याच्या वाटेत ठेवलं. बघू तरी, अडखळतो का.

"आत्या!" मी किंचाळले.

उशीर झाला होता. त्याची नडगी स्टुलावर आदळली, तो गुडघ्यावर पडला, हात नकाशाच्या कडेवर आपटला. मी धावले. त्यानं तळवा वर करून मला थांबवलं. खाली बसल्या बसल्याच त्यानं स्टूल चाचपलं.

"आत्या?" तो हळू म्हणाला. "कुणाची आत्या?"

आईनं पदर तोंडात कोंबला. आदेश उठला, पँट झटकली आणि आमच्या दिशेनं वळून हात जोडले.

"नमस्कार आत्या. आणखी कोण कोण आहे?"

आधी अण्णांचा आवाज आला. "मी भरत. वृषालीचा बाप." मग आईचा, "मी तिची आई वो." एवढा मोठा बागायतदार माणूस, पण पाचवीतल्या पोरासारखा खाली मान घालून नाव सांगत होता.

"बसा ना. चहा सांगतो," आदेश म्हणाला. आणि खरंच सांगितला. राघूकाकांनी चहा आणला, आदेशनं अण्णांना द्राक्षांच्या छाटणीचं विचारलं, आईला प्रवासाचं. त्याच्या नडगीतून रक्त येऊन पँटला डाग पडला होता. त्यानं त्याचा उल्लेखसुद्धा केला नाही.

निघताना अण्णांनी मला फाटकापाशी बाजूला घेतलं. त्यांचे डोळे भरले होते. "पोरगं लई गुनाचं हाय. दुसरा असता तर शिव्या घातल्या असत्या. मंचरवाल्यास्नी मी सांगतो काय सांगायचं ते. व्हकार कळव त्याला."

मी उड्या मारत आत गेले. हो, उड्या मारत! तो स्टूल पुन्हा खिडकीपाशी ठेवत होता.

"मी आलेय. आदेश, अण्णा हो म्हणाले! खुद्द अण्णा! फार लागलं का रे? आत्या ना, वेडीच आहे… पण हो म्हणाले!"

"बस," तो म्हणाला. "मला एक सांग. स्टुलाच्या आधी, मी रांजणाचं सांगत होतो तेव्हा, तोंडावर वारा आला. कुणीतरी हात हलवला ना डोळ्यांसमोर?"

"…हो. आत्यानं."

"तुला दिसलं?"

"हो."

"मग तू काय केलंस?"

खोटं बोलता आलं असतं. आत्याचा हात धरला, डोळे वटारले, काहीही सांगता आलं असतं. त्याला कधीच कळलं नसतं. पण तोंडातून निघेना.

"हसले. थोडंसं. घाबरून हसले, आदेश, देवाशपथ—"

त्यानं मान हलवली. बाहेर स्टँडवरचा कंडक्टर गाड्या पुकारत होता.

"त्यांचा मला राग नाही," तो म्हणाला. "लोक माझ्यासमोर हात हलवून बघतात, वीस वर्षं बघतायत. पण त्यांच्याबरोबर उभं राहून बघणारी माणसं वेगळी आणि मला सांगणारं माणूस, म्हणजे तू, वेगळं, असं मी धरून चाललो होतो. उद्या आपल्या घरात चार माणसं बसली आणि मधेच शांतता झाली, की मला वाटणार, खुणा चालल्यात. तू चहा गाळत असशील, पण मला वाटणार तू हसतेयस. बायकोवर असा संशय घेत जगायचं? माझ्याच्यानं नाही होणार."

"परत नाही होणार असं. कधीच नाही! मी पाया पडते तुझ्या."

"मला घाबरलीस की त्यांना, ते तुझं तुला माहीत. मला सांगायचं सोडून तू त्यांच्याशी खुणा केल्यास, एवढं मला कळलं."

मी रडले. मोठ्यानं रडले, त्याला ऐकू जावं म्हणूनच रडले. त्यानं खिशातून रुमाल काढला, आवाजाच्या अंदाजानं माझ्यासमोर धरला, आणि मी घेईपर्यंत थांबला. मग काठी उघडली.

"दालनाचं काम अर्धवट टाकणार नाही. मंगळवारी येईन," तो दारात म्हणाला. "नकाशाची ती कड तेवढी घासून घ्या. धार लागते हाताला."

घ्या म्हणाला. 'घे' नाही. मी दिवसभर त्या नकाशाशेजारी बसून राहिले.

संध्याकाळी जीपमधून उतरून घरी आले तर अंगणात सगळी वाटच बघत होती. आईनं शिरा केला होता. मंचरला फोन झाला होता. आत्या भलतीच खुशीत होती, जशी काही सोयरीक तिनंच जुळवली. अण्णांनी मला बाजेवर शेजारी बसवलं.

"काय म्हनला मग जावई?"

"नाही म्हणाला."

"काय न्हाई म्हनला?"

"लग्नाला नाही म्हणाला, अण्णा. नकार आहे त्याचा."

अण्णा आधी हसलेच. मी चेष्टा करतेय असं वाटलं त्यांना. मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज चढला. "अगं, आमी व्हकार दिलाय! जात बगितली न्हाई, डोळं बगितलं न्हाईत, मंचरसारकं स्थळ मोडलं… आन् त्यो आंधळा आपल्याला न्हाई म्हनतो? कशाच्या जिवावर?"

एरवी मी फाडकन उत्तर दिलं असतं. पण रागच आला नाही. सकाळपासून माझ्याही डोक्यात तेवढंच होतं, अण्णांचा होकार मिळाला की झालं. त्याच्याकडूनही काही मिळवायचं असतं, ते गमावता येतं, हे माझ्या मनालाही शिवलं नव्हतं.

"अण्णा, आपण चौघं त्याला बघायला गेलो होतो," मी म्हणाले. "त्यानंही आपल्याला बघितलं. आपण पसंत नाही पडलो."

आईच्या हातात शिऱ्याची वाटी तशीच होती. "तू पन?" तिनं विचारलं.

"सगळ्यात आधी मी, आई."